सुमे, तुझ्यामागे केर काढला

सुमे, ये इकडे. अशी दारात उभी राहून बोलू नकोस, आत ये, पंख्याखाली बस. आणि काय गं हे, माणूस निघताना निदान सांगून जातं. ओझरला कॉलनीत असताना साधी दूध आणायला खाली जायचीस तरी खिडकीतून हाक मारायचीस, "ताई, गॅसवर वरण आहे, लक्ष ठेवा." आणि एवढ्या लांब निघालीस तर एक हाक नाही. दुपारी जेवलीस, खुर्चीत बसलीस, भावजी भाजी आणायला गेले, आणि परत आले तेव्हा तू नव्हतीस. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. आलेगेलेले म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं हो. मी मान हलवली. दुसरं काय करणार? मला तर तुझ्यावर रागवायचं होतं, पण रागवायला समोर तू पाहिजेस ना. काल तुझा तेरावा झाला, मांडव निघाला, पाहुणे आपापल्या गाड्यांना लागले. आज घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहायला बसलेय. माझं लिहिणं म्हणजे तुला माहितीये, बोलल्यासारखंच.

दहाव्याला गंगेवर कावळा लगेच शिवला. पान ठेवलं आणि आम्ही मागे सरतोय तोवर आलाच. लोकांना बरं वाटलं. तुझी ती मोठी जाऊ म्हणाली, "बघा, काही इच्छा राहिली नव्हती तिची. तृप्त गेली." सुमे, माझं डोकं असं तापलं म्हणून सांगू. इच्छा राहिली नव्हती हे खरंच आहे. पण ती काय तृप्ती होती? गेली कित्येक वर्षं तुला कशाचीच इच्छा होत नव्हती, हाच तर तुझा आजार होता. साडी घे म्हटलं तर कशाला. नातवाला बघून ये म्हटलं तर जाऊ नंतर. भेळ आणू का म्हटलं तर आणा, नाही आणली तरी चालेल. कावळ्याला यातलं काय कळणार. आणि माणसांनाही कुठे कळलं.

तू अशी नव्हतीस गं. आपल्या दोघींची घरं एका भिंतीची. भावजी आणि माझे हे एकाच शिफ्टला सायकली काढायचे विमानाच्या कारखान्याला जायला, आणि ते वळणावर दिसेनासे झाले की तुझा खेळ सुरू व्हायचा. काय नकला करायचीस. पाण्याची वेळ सांगायला यायचा तो नाकात बोलणारा माणूस, वरच्या मजल्यावरच्या तमिळ बाईंचं मराठी, आणि सगळ्यात जास्त माझी. पदर खोचून, चष्मा नाकावर आणून, "मी काय म्हणत्ये, पेपरात आलंय." मी नांदगावची, चौथीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं पेपर आणि वाचनालयातली पुस्तकं वाचून झालेलं. त्यावरून तू मला छळायचीस. "ताई चौथी शिकून डॉक्टरीण झाल्या." मी वरवर रागवायचे. आता तुझ्यासारखी माझी नक्कल करणारं कोणी नाही, त्यामुळे मी बोलतानाच मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पहिला चट्टा कोपरावर उठला तेव्हा आपण दोघी पापड लाटत होतो. तू म्हणालीस, पोळपाटाला घासलं असेल. मग गुडघ्यावर आला, मग डोक्यात. लाल, वर रुपेरी पापुद्रा, आणि खाज अशी की बोलता बोलता तू गप्प व्हायचीस आणि दाराच्या कडेला पाठ घासायचीस. नाशिकची थंडी पडली की तुला नको नको व्हायचं. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी सोरायसिस नाव सांगितलं, लागट नाही म्हणून तीनतीनदा बजावलं, पूर्ण जाणार नाही पण आटोक्यात राहील म्हणाल्या. तुला फक्त "पूर्ण जाणार नाही" तेवढंच ऐकू आलं. मग काय काय केलंस. वांगं सोडलंस, दही सोडलंस, कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ, डांबराच्या वासाचं ते मलम. भावजी रोज संध्याकाळी दिवे लागले की तुझ्या पाठीला मलम लावायचे. तेवढं मात्र त्यांनी कधी चुकवलं नाही. त्यांच्याबद्दल कोणाला काही बोलू देणार नाही मी.

हळदीकुंकवाला अत्तर लावणारीचा हात तुझ्या हातावर येऊन थबकला आणि तिने नुसतं गुलाबपाणी शिंपडलं, तेव्हा बाहेर आल्यावर तू काय म्हणालीस? "चला, त्यांचं अत्तर वाचलं." आणि हसलीस. मीही हसले. ते तुझं शेवटचं खरं हसू असेल असं तेव्हा कुठे ठाऊक होतं.

मग सासरच्यांनी त्र्यंबकला नागबली करायचं काढलं. घराण्यात कोणाच्या हातून नाग मारला गेला असेल तर अंगाला असं उठतं, असं त्यांचं म्हणणं. मी विरोध केला, तू म्हणालीस, "ताई, एवढं सगळं केलं, हेही करू. कोणाचं मन कशाला मोडा." पांढरी साडी नेसून बसलीस. विधी झाला, जेवणं झाली, आणि परत आल्यावर तू मला विचारलंस, "ताई, कॉलनीत आपल्या मोरीत साप निघाला होता, आठवतो?" आठवत होता की. पावसाळ्यात निघाला होता. तू "साप, साप" म्हणून ओरडलीस आणि खालची पोरं काठ्या घेऊन आली. "मी ओरडले म्हणून त्यांनी मारला," तू म्हणालीस. "नाहीतर तो गेला असता हो बाहेर आपला आपण." मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, वेडे, साप बघून कोणी आरती म्हणतं का? पण तुझ्या डोळ्यात हसू नव्हतं. तिथून पुढे जे काही वाईट होईल ते तुझ्यामुळे, असं तुझं गणित बसलं. मुलाची नोकरी गेली, तुझ्यामुळे. भावजींची शुगर वाढली, तुझ्यामुळे. नळाला पाणी कमी आलं तरी तुझा चेहरा पडायचा. अंगावरचे चट्टे निदान आम्हाला दिसत होते. हे आत काय उठलंय ते दिसायला वेळ लागला, आणि दिसल्यावरही त्याला काय लावायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

तोवर आपण दोघी शहरात आलो होतो. तू सिडकोत, मी इंदिरानगरला. रिक्षाने पंधरा मिनिटं. तू आमच्याकडे यायचीस ती पिशवीत एक फडकं घेऊन. जुन्या सुती साडीचा तुकडा, निळ्यावर पांढरे ठिपके, स्वच्छ धुतलेला. सोफ्यावर आधी ते अंथरायचीस, मग त्यावर बसायचीस, आणि निघताना चारही टोकं आत दुमडून घडी करायचीस, म्हणजे अंगाचा कोंडा आमच्या घरात सांडायला नको. मी किती भांडले त्या फडक्यावरून. "अगं, सोफा काय राजाचं सिंहासन आहे?" तू म्हणायचीस, "ताई, राहू द्या. मला बरं वाटतं." मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, पायात मोजे, आणि खाली ते फडकं.

आता त्या दिवसाचं बोलते. त्याच्याबद्दल तुझं माझं नीट बोलणं कधीच पुरं झालं नाही. तू नेहमीसारखी आलीस, चहा घेतलास, घडी घालून निघालीस. लिफ्टपर्यंत जाऊन परत आलीस, कारण चष्मा टीपॉयवर राहिला होता. आणि दारात उभी राहिलीस तर काय दिसलं तुला? माझी सून प्राजक्ता सोफ्यापाशी वाकून झाडू मारत होती. तू बसली होतीस त्याच कोपऱ्यात.

आपल्याकडे माणूस घराबाहेर पडल्यावर लगेच केर काढत नाहीत, हे काय तुला मी सांगायचं? गेलेलं माणूस परत यावं म्हणून. लेक सासरी निघाली की दुपारपर्यंत झाडूला हात लावत नाहीत. तू चष्मा उचललास, "राहिला होता," एवढंच म्हणालीस, आणि गेलीस.

सुमे, ते चुरमुरे होते गं. आमची ओवी तेव्हा रांगत होती, तिने चुरमुऱ्यांचा डबा उपडा केला होता, आणि उचलून तोंडात घालेल, घशात अडकेल म्हणून प्राजक्ताने झाडू घेतला. मी तुला त्याच संध्याकाळी फोन केला, सगळं सांगितलं. तू म्हणालीस, "अहो ताई, मी काही बोलले का? माझ्या मनातसुद्धा नाही." दुसऱ्या दिवशी प्राजक्ता स्वतः तुझ्याकडे आली, रडली. तू तिला जवळ घेतलंस, साखर दिलीस हातावर. म्हणालीस, "बाळा, तू कशाला रडतेस, तू योग्यच केलंस." योग्यच केलंस. म्हणजे तुझ्या मनातून ते गेलं नव्हतंच. चुरमुरे म्हणून सांगितलं तरी तुला तुझाच कोंडा दिसत होता. मला तेव्हा राग आला तुझा. इतकं सरळ सांगतोय तर पटत का नाही हिला? फार नंतर कळलं की ते पटणं तुझ्या हातात राहिलेलं नव्हतं. आम्ही बोलत होतो ते तुझ्या कानांना ऐकू येत होतं, पण आत कोणीतरी दुसरंच बसून त्याचा उलटा अर्थ तुला सांगत होतं.

त्यानंतर तू आमच्या घरी आली नाहीस. "येते ना, थोडं बरं वाटलं की येते." फोनवर रोज हेच. मीच यायचे तुझ्याकडे. दार उघडायला वेळ लागायचा. आत पडदे ओढलेले, टीव्ही बंद. कधी म्हणायचीस आंघोळ राहिली आज. पूर्वी आरशासारखी घासलेली तुझी पातेली ओट्यावर तशीच असायची.

कातडीच्या डॉक्टरीणबाईच आधी बोलल्या, आठवतं? मी बरोबर होते. त्या म्हणाल्या, "हा आजार फक्त कातडीपुरता नसतो. आतमध्ये सूज असते, ती मनालाही धरते. आणि मन खचलं की कातडी पुन्हा भडकते. दोन्हीकडून औषध घ्यावं लागेल." त्यांनी मनाच्या डॉक्टरांचं नाव दिलं. बाहेर आल्यावर तू रस्त्यातच उभी राहिलीस. "म्हणजे मी वेडी आहे का ताई?" तिथून आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणायचीस, खाज थांबली की मन आपोआप ताळ्यावर येईल, मनाला वेगळं औषध कशाला. मी म्हणायचे, अगं दोन्ही एकाच अंगात राहतात, एकाला ताप आला की दुसऱ्याला कणकण येणारच. तू म्हणायचीस, "पेपरात आलंय वाटतं." हो, पेपरात आलं होतं. पण मी काय पेपरासाठी भांडत होते?

एकदा तयार झालीस. कॉलेज रोडला गेलो. जिना चढलो, काचेच्या दारातून आत बघितलं तर बाकावर आपल्या भिशीतली एक बाई बसलेली. तू तिथूनच वळलीस. मी म्हटलं, अगं तीही त्याच कामाला आली असेल, तीच लाजेल तुला बघून. तू ऐकलं नाहीस. खाली येऊन उसाचा रस प्यायलो आपण, आणि घरी गेलो. रस गोड होता का ते तुला विचारलं मी. तू म्हणालीस, "कळलं नाही."

पुढे भावजींनी कसंबसं नेलं तुला, गोळ्या सुरू झाल्या. आणि सुमे, ते थोडे दिवस. तू स्वतःहून फोन केलास. "ताई, शेवयांची खीर केली, आणि गोड लागली हो." मग त्या मनाच्या डॉक्टरांची नक्कल केलीस, कसे ते पेन फिरवत हं, हं, करतात ती. मी फोन कानाला धरून खाली बसले. तू विचारलंस, "ताई, लाइनवर आहात ना?" होते गं लाइनवर. डोळे पुसत होते. म्हटलं, आता येशील आमच्याकडे. म्हणालीस, "येते. पुढच्या आठवड्यात नक्की येते."

त्या आठवड्यातच कोणीतरी लग्नात भेटलं आणि म्हणालं, असल्या गोळ्यांची सवय लागते. तुलाही बरं वाटतच होतं. न विचारता बंद केल्यास. महिन्याभरात पडदे पुन्हा ओढले गेले. मग परत त्या जिन्याकडे तुला कोणी वळवू शकलं नाही. मी रागावले, विनवलं, अबोला धरला, अबोला मोडला. भावजी तुझ्यासमोर हात जोडून उभे राहिले एकदा. तू त्यांचे हात खाली केलेस आणि म्हणालीस, "उगाच का तुम्ही." पुढे काय करायचं असतं माणसाने? कोणाला ठाऊक असेल तर मला अजून सांगा.

गेल्या वर्षी ती नवी इंजेक्शनं आली. आणि चमत्कारच झाला. बघता बघता पाठ साफ, कोपर साफ, डोकं साफ. भावजींनी पेढे वाटले. जो तो तुला म्हणू लागला, आता तरी हस, आता कसली काळजी. मी धावत आले. तू पलंगावर बसली होतीस, बाह्या मनगटापर्यंत तशाच. मी म्हटलं, दाखव तर. तू बाही वर केलीस. हात इतके छान झाले होते, कॉलनीत आली होतीस तेव्हासारखे. तू त्यांच्याकडे बघत होतीस जसं कोणाचं सामान आपल्याकडे ठेवायला दिलंय. म्हणालीस, "ताई, हात साफ झाले. आता मी काय करू यांचं?"

मी ते हात हातात घेतले आणि बसून राहिले, आणि तू मला म्हणालीस, "चहा टाकते." टाकला नाहीस. उठलीच नाहीस.

आता शेवटचं सांगते, ते तुला कळायला हवं. तुला नेलं तेव्हा माणसं जिना उतरली, खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. आणि तुझ्या मोठ्या जावेने झाडू आणला. रीत आहे, मला का ठाऊक नाही? प्रेत गेलं की मागे लगेच केर काढायचा, पाणी शिंपडायचं, ठेवलं होतं तिथे दिवा लावायचा. जिवंत माणसामागे झाडू फिरवायचा नाही म्हणजे ते परत येईल, आणि मेलेल्यामागे फिरवायचाच, म्हणजे ते परत येऊ नये. तिने तो झाडू जवळ उभ्या असलेल्या तरण्या बाईच्या हातात दिला. ती आमची प्राजक्ता होती.

पोरीचा चेहरा बघवत नव्हता. झाडू छातीशी धरून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "थांबा. हिच्यामागे नका काढू. राहू द्या." जाऊ म्हणाली, "मालूताई, असं कसं राहू देणार? घराला सुतक आहे. दिवा लावायचाय." बायका कुजबुजायला लागल्या. भावजी तर स्मशानात गेलेले. कोणाशी भांडणार होते मी? माझं घर नाही, मी नात्यातली नाही. भिंत एक होती म्हणून काय झालं. प्राजक्ता हळूच म्हणाली, "आई, माझ्याने नाही होणार." मग मीच तिच्या हातातून झाडू घेतला आणि काढला तुझ्यामागे केर. हळूहळू काढला, आतून दारापर्यंत. सगळा सुपलीत भरून खिडकीपाशी नेऊन बघितला, बायका म्हणाल्या असतील म्हातारीचं काय चाललंय. झेंडूच्या पाकळ्या होत्या, तांदूळ होते, उदबत्तीची राख होती, कोणाच्या तरी साडीची टिकली होती. सुमे, त्यात तुझं काहीच नव्हतं. एक कण नव्हता. ज्या कोंड्यापायी तू इतकी वर्षं कोणाच्या घरी नीट टेकली नाहीस, तो नव्हताच, तू इतकी स्वच्छ गेलीस, आणि ते तुला सांगायचं राहिलं.

त्या दिवशी मी निघाले तेव्हा भावजी म्हणाले, तिचं काही हवंय का तुम्हाला. मी ते निळं फडकं मागितलं. दांडीवर वाळत होतं, तूच धुवून टाकलेलं. म्हणजे कुठेतरी जायचं होतं का गं तुला? आमच्याकडे यायचं होतं? रोज विचारते मी स्वतःला. भावजींना विचारलं, तर ते म्हणाले, काही बोलली नव्हती. आता कोणाला विचारू?

फडकं माझ्या कपाटात आहे. देणार नाही तुला परत. तू तशीच ये. रिक्षावाल्याला इंदिरानगरचं सांग, बोगद्याच्या अलीकडे उतर, लिफ्ट बंद असली तर खालून हाक मार, प्राजक्ता येईल हात धरायला. ओवी आता धावते, तिला तुझ्या नकला बघायच्यात. सोफ्याचा तो कोपरा मोकळा ठेवलाय. काही न अंथरता बस, मागे टेकून बस. तू गेल्यावर त्या दिवशी आमच्या घरात झाडू फिरणार नाही, मी दाराशी बसून राहीन. पुढच्या आठवड्यात म्हणाली होतीस ना? मग ये बाई. लवकर ये.